मुलांची श्रद्धा घरात घडते

तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू पहिला प्रश्न विचारतात तो आईवडिलांना. या बाळासाठी तुम्ही काय मागता? त्याला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेता आहात, याची तुम्हाला जाणीव आहे ना? आईवडील ‘हो’ म्हणतात, गॉडफादर-गॉडमदर मान डोलावतात, फोटो निघतात, पंगत उठते. ज्या मंडळ्यांमध्ये तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, तिथे बालसमर्पणाच्या वेळी जवळपास हाच शब्द आईवडिलांकडून घेतला जातो. पुढे अनेक घरांत या शब्दाची आठवण होते ती थेट पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गाचा फॉर्म भरताना. तोवर सात-आठ वर्षे निघून गेलेली असतात. मूल बोलायला, विश्वास टाकायला आणि खऱ्या-खोट्यातला फरक ओळखायला शिकते ती हीच वर्षे.

मुले देवाविषयी कानांनी थोडे ऐकतात आणि डोळ्यांनी पुष्कळ पाहतात. घरातली मोठी माणसे देवासमोर कशी बसतात, एकमेकांशी कशी बोलतात, चुकल्यावर काय करतात, हे सगळे ती टिपत असतात. म्हणून ख्रिस्ती संस्कारांचा विचार करताना आधी आईबापांविषयी बोलावे लागते.

शिकवायचे कोणी?

आठवड्याचे तास १६८. त्यांतला एक तास मूल संडे स्कूलला किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते. तिथे शिकवणारी तरुण मुले-मुली आपली रविवारची सकाळ खर्च करून, एक पैसाही न घेता हे काम करतात आणि मनापासून करतात. पण उरलेल्या १६७ तासांत घरी काही वेगळेच दिसत असेल, तर त्या एका तासाचे बळ किती पुरणार?

बायबलने ही जबाबदारी आरंभापासून घरावरच टाकली आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएली लोकांना सांगतो, की या आज्ञा आधी तुमच्या स्वतःच्या हृदयात असू द्या आणि मग मुलांच्या मनावर बिंबवा. घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांच्याविषयी बोला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी आईबापांचे हृदय, मग मुलांचे मन. आणि ज्या चार वेळा सांगितल्या आहेत, त्या चारही रोजच्या संसारातल्या आहेत.

पुढच्या काळातही हेच पुन्हा पुन्हा सांगावे लागले. जर्मनीतल्या खेडोपाडीच्या मंडळ्या पाहिल्यावर लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नाही, हे मार्टिन ल्यूथरच्या ध्यानात आले. १५२९ साली त्याने लहानसे प्रश्नोत्तरांचे पुस्तक लिहिले, ते घरच्या कर्त्याने घरातल्यांना शिकवावे म्हणून. त्यात सकाळची, रात्रीची आणि जेवणाच्या वेळची प्रार्थनाही आहे. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरातले चर्च’ म्हटले आणि मुलांना श्रद्धेची पहिली ओळख आईवडिलांनी आपल्या शब्दांनी व उदाहरणाने करून द्यावी, असे सांगितले. दोन परंपरांमध्ये मतभेद कितीही असोत, या एका बाबतीत त्यांचे बोट एकाच दाराकडे आहे.

इथे तीमथ्याचे घर आठवते. त्याचे वडील ग्रीक होते, आई यहुदी विश्वासणारी. त्याच्या श्रद्धेची आठवण काढताना पौल दोन बायकांची नावे घेतो : आजी लोईस आणि आई युनिके. ज्या घरात नवरा-बायकोचे धर्म वेगळे आहेत, ज्या घरात वडील नोकरीसाठी आखातात आहेत, जिथे आई एकटीच मुलांना वाढवते आहे, त्या घरांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. परिस्थिती आदर्श नसली तरी श्रद्धा पुढे जाते, आणि अनेकदा ती आजीच्या मांडीवरून जाते.

संध्याकाळची प्रार्थना

वसईच्या गावांत अजूनही अशी घरे आहेत जिथे संध्याकाळी देवघरातल्या क्रूसासमोर दिवा लागला की सगळे गुडघे टेकतात. पण आता बाबांची विरार लोकल रात्री साडेआठला पोहोचते, मुलगी साडेसातपर्यंत क्लासला असते. जुन्या वेळेचा हट्ट धरला तर प्रार्थनेला आजी एकटीच उरते. तेव्हा वेळ बदलावी. सगळे खरोखर घरी असतात अशी वेळ शोधावी, बहुतेक घरांत ती जेवणानंतरची असते, आणि मग ती मोडू नये. पाहुणे आले तर त्यांनाही बसवावे. प्रार्थना आटोपून पाहुण्यांना चहा दिला तर कोणी रागावत नाही.

पूर्ण रोझरीला वीसेक मिनिटे लागतात. चार वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ गुडघ्यांवर बसवणे ही शिक्षाच होते, आणि शिक्षा म्हणून शिकलेली गोष्ट मोठेपणी सोडून दिली जाते. त्याच्यासाठी एक दशक पुरे. क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, दहा ‘नमो मारिया’ आणि मग त्याने झोपायला जावे. मोठ्यांनी पुढे चालू ठेवावे. मूल अंथरुणात पडल्या पडल्या उरलेली दशके ऐकत असते, आणि ते ऐकणेही वाया जात नाही.

रोझरीतली रहस्ये मुलांना गोष्टींच्या रूपाने सांगता येतात, याकडे आपले दुर्लक्ष होते. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्ये सुचवली, ती गुरुवारी. त्या दिवसाचे एखादे रहस्य निवडून दोन मिनिटे बोलावे : काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा मरियेच्या ध्यानात ते कसे आले असेल? लग्नघरात वावरलेल्या आपल्या मुलांना ही अडचण लगेच कळते.

प्रॉटेस्टंट घरांची रीत निराळी असते. एक गीत, शास्त्रवाचन, मग प्रार्थना. ‘उपासना संगीत’ हातात धरून आजोबा सूर लावतात. इथे वाचनाचा क्रम आधी ठरवलेला बरा. पान उघडेल तिथून वाचायची सवय लागली, की मुलांना बायबल म्हणजे सुट्या वचनांचा ढीग वाटू लागतो. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करावी. चारांमध्ये ते सर्वांत लहान आहे, १६ अध्यायांचे, आणि त्यात घटना भराभर घडतात. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणजे मोठ्या महिन्यात रोज एक. लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरला पहिला अध्याय सुरू केला तर नाताळच्या आदल्या रात्री ते पुरे होते. वाचणारा रोज वेगळा असावा. दुसरी-तिसरीतले मूल अडखळत चार ओव्या वाचत असेल, तर कोणी शब्द दुरुस्त करायला उतावीळ होऊ नये.

प्रार्थनेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावेत, आणि त्यात सर्वांत आधी वडिलांचा फोन जावा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. प्रार्थनेतून मुलांना टोमणे मारू नका. ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोठ्यांशी नीट बोलायला शिकव’ असे मोठ्याने म्हटले जाते तेव्हा ते देवाला कमी आणि शेजारी बसलेल्या मुलाला जास्त ऐकवलेले असते. मुलाला ते नेमके कळते. त्याऐवजी मुलालाच विचारावे, आज कोणासाठी प्रार्थना करू या? ते वर्गातल्या आजारी मित्राचे नाव घेईल, गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याचे घेईल. तेच घ्यावे.

कोणत्या भाषेत?

आज मराठी ख्रिस्ती घरांतली बरीच मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. बायबल इंग्रजीत वाचतात, गाणी यूट्यूबवरची म्हणतात. आजी मराठीत प्रार्थना करते तेव्हा ती गप्प बसतात, कारण त्यांना शब्द येत नाहीत. इंग्रजीला विरोध करण्याचे कारण नाही. पण एका घरातल्या तीन पिढ्यांना एका प्रार्थनेत ‘आमेन’ म्हणता येऊ नये, याचे दुःख व्हायला हवे.

कारण या भाषेत ख्रिस्ताची गोष्ट आणण्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि चाळीस वर्षे साष्टीच्या मुलखात राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. धर्मशिक्षणाचे पाठ होते, पण रंगून ऐकावे असे काही नव्हते, आणि तशी मागणी लोकांकडूनच आली. त्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ तयार झाले आणि १६१६ साली राचोल येथे छापले गेले. नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून मन भरत नाही, माणसाला कथा लागते आणि ती आपल्या भाषेत लागते, हे चारशे वर्षांपूर्वी ओळखले गेले होते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांनी मराठी मंडळीला ओवी, अभंग आणि भजन यांच्या वळणाची शेकडो गीते दिली. ती आजही अहिल्यानगरपासून सोलापूरपर्यंत गायली जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणले. १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. हा वारसा घरात ठेवून मुलांना त्याची ओळखही करून न देणे, हा मोठा तोटा आहे.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे. प्रभूची प्रार्थना मराठीत पाठ असावी. आठवड्यातून एका दिवशी मराठीतून वाचन व्हावे. आजीची नजर अधू झाली असेल तर नातवाने तिला एक अध्याय वाचून दाखवावा. त्यात दोघांचेही भले आहे. आणि घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलत असाल तर प्रार्थनाही खुशाल त्याच बोलीत करा. जिव्हाळ्याच्या गोष्टी ज्या बोलीत निघतात, त्याच बोलीत देवाशी बोलणे सोपे जाते.

देवाचा धाक दाखवू नका

‘खोटं बोललास तर देव जीभ कापील’, ‘येशूबाप्पा वरून सगळं बघतो हं’, ‘पडलास ना? देवानं शिक्षा दिली’. ही वाक्ये आपल्या घरांत सहज बोलली जातात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, आपली शिस्त लावण्याची ताकद कमी पडते म्हणून देवाला पुढे केले जाते इतकेच. पण मुलाच्या मनात देव पोलिसासारखा उभा राहतो. अशा देवापासून मुले लपायला शिकतात, आणि लपण्याइतकी मोठी झाली की दूर जातात.

शिस्त हवीच. मोडलेली वस्तू दुरुस्त करायला लावणे, खोटे बोलल्यावर ज्याच्याशी बोलले त्याला खरे सांगायला पाठवणे, उद्धटपणा केल्यावर माफी मागायला लावणे, हे आईबापांचे काम आहे आणि ते आईबापांनी स्वतःच्या अधिकाराने करावे. पण त्यालाही मर्यादा आहे. इफिसकरांना आणि कलस्सैकरांना लिहिलेल्या दोन्ही पत्रांत, मुलांना आज्ञाधारकपणा सांगितल्यावर लगेच बापांना बजावले आहे, की मुलांना चीड येईल, ती खचून जातील असे वागू नका. आपण पहिली ओळ मुलांना ऐकवतो आणि दुसरी स्वतःला ऐकवायची टाळतो.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी मूल पापनिवेदनाला जाते. त्याआधी त्याने घरात क्षमा मागताना कोणाला पाहिले आहे का? आई-बाबांचे भांडण त्याने ऐकलेले असते, पण समेट बंद दाराआड होतो. समेटही मुलांसमोर होऊ द्या. आणि मुलावर उगाच हात उगारला गेला असेल, शेजाऱ्यासमोर त्याचा अपमान झाला असेल, तर त्याची क्षमा मागा. त्याने अधिकार कमी होत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप उधळ्या मुलाला लांबून पाहताच धावत सुटतो. त्या काळच्या प्रतिष्ठित म्हाताऱ्याला धावणे शोभणारे नव्हते. देव कसा आहे हे सांगण्यासाठी येशूने हाच बाप निवडला.

जात, पैसा आणि घरकामाची मावशी

मूल्यांविषयी भाषणे देण्याची गरज नसते, रोजचे व्यवहारच बोलतात. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे वय चोरून एसटीचे अर्धे तिकीट काढले, की दहा आज्ञांच्या पाठांतराला फारसा अर्थ राहत नाही. वाचलेले पैसे मुलाला आठवत नाहीत, पण आईने कंडक्टरला काय सांगितले ते आठवते.

जातीचा प्रश्न अवघड आहे आणि म्हणूनच तो टाळू नये. ख्रिस्तात सगळे एक, असे आपण म्हणतो, आणि लग्न ठरवताना कोणत्या समाजातले, कोणत्या गावचे याची चौकशी करतो. मुले हे ऐकतात. इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करायला हवी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळे-ओवळे पाळत त्या कित्येक वर्षे राहिल्या. मग विचार करता करता, माणसे देवाने केली आणि जात माणसांनी, हे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. ‘स्मृतिचित्रे’मधला हा भाग दहाव्या-अकराव्या वर्षीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा आहे. याच टिळकांच्या घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. आणि पुढे लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिल्या त्या मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहामुळे. संस्कार असे दोन्ही बाजूंनी चालतात.

घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का? मुले त्यांना एकेरी हाक मारतात का? नाताळचा केक त्यांच्या घरी जातो तो पहिल्या दिवशीचा की चौथ्या दिवशीचा? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने द्यावीत.

दानधर्माची सवय लहानपणीच लागते. मिझोरममध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक रीत आहे : स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी त्यातला मूठभर बाजूला ठेवायचा आणि साठलेला तांदूळ चर्चला द्यायचा. गरिबांतल्या गरीब घरालाही हे जमते, आणि दान म्हणजे उरलेले देणे नव्हे हे लहान मुलाला डोळ्यांनी दिसते. आपल्या घरी तांदळाचा डबा असतोच, मुलांची मूठही असते. साठलेला तांदूळ जवळच्या अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात द्यायला मुलांनीच जावे.

सणांचे दिवस

चर्चचे वर्ष मुलांना शिकवायला फार सोयीचे आहे. आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती, अशा चार. त्यांतली तिसऱ्या रविवारची गुलाबी. नाताळचा गोठा विकत आणण्यापेक्षा माती, गवत आणि पुठ्ठे घेऊन मुलांबरोबर करावा; १२२३ साली ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने केला तोही गवताचाच होता. उपवासकाळात मुलांनी चॉकलेट सोडले तर वाचलेले पैसे एका डब्यात पडावेत आणि ते कोणाला द्यायचे हे त्यांनीच ठरवावे. उत्तम शुक्रवारी टीव्ही बंद असावा. लहान मुलांना क्रूसावरच्या यातनांची भीषण वर्णने सांगू नयेत. येशू आपल्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे त्या वयाला पुरते.

शेजारी

आपण मोजकी घरे आहोत. मुलांचे मित्र बहुतेक हिंदू, मुसलमान, बौद्ध असतात. दिवाळीचा फराळ आपल्या घरी येतो, नाताळच्या करंज्या त्यांच्या घरी जातात. हे प्रेम जपताना कुठल्याही धर्माची टवाळी घरात होऊ देऊ नये. आपली श्रद्धा उंच दाखवण्यासाठी दुसऱ्याची खाली पाडावी लागत असेल, तर ती श्रद्धा कच्ची आहे. येशूने शेजारी कोण हे सांगताना ज्याचे कौतुक केले तो माणूस शोमरोनी होता. त्याच्या श्रोत्यांच्या लेखी परका आणि हलका.

शाळेत कोणी ‘तुम्ही परदेशी धर्माचे’ म्हणून हिणवले तर मूल घरी येऊन रडते किंवा गप्प होते. त्याला चिडायला शिकवू नये. ख्रिस्तपुराणाची, टिळकांची, रमाबाईंची गोष्ट सांगावी. या मातीत आपले मूळ किती जुने आहे हे कळले, की मूल ताठ मानेने आणि शांतपणे उत्तर देऊ शकते.

मोठी होणारी मुले

आठवी-नववीत प्रश्न सुरू होतात. देव चांगला आहे तर आजोबांना कॅन्सर का झाला? उत्क्रांती खरी की उत्पत्तीचे पुस्तक? चर्चला रोज जाणारे काका असे का वागतात? या प्रश्नांवर ‘असं बोलू नये’ हे उत्तर देणे सर्वांत घातक. बायबलला प्रश्नांची भीती नाही. स्तोत्रांमध्ये देवाला जाब विचारणारी कितीतरी स्तोत्रे आहेत, ईयोबाचे सबंध पुस्तक आहे, आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो शिक्षकांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण फादरांना किंवा पाळकांना विचारू’ असे म्हणावे आणि खरोखर विचारावे.

काही मुले तरीही दूर जातात. त्या आईबापांच्या मनात अपराधाची टोचणी असते आणि लोकांच्या बोलण्याने ती वाढते. त्यांच्यासाठी मोनिकाची कथा आहे. तिचा मुलगा ऑगस्टीन हुशार, आणि तारुण्यात आईच्या श्रद्धेपासून पार भरकटलेला. तिने वर्षानुवर्षे प्रार्थना केली, त्याच्यामागे समुद्र ओलांडून गेली. ३८७ साली मिलान येथे त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ती वारली. प्रत्येक घरात असा शेवट दिसेलच असे नाही. पण मुलाने चर्चला येणे थांबवले म्हणून त्याच्याशी बोलणे थांबवू नका, जेवणाच्या ताटावर तो विषय काढू नका, आणि तुमची स्वतःची प्रार्थना त्याच वेळी, त्याच जागी चालू ठेवा. दार उघडे आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

ज्या घरात अजून काहीच सुरू झालेले नाही, त्या घराला एवढीच विनंती : नव्या वर्षाची, चांगल्या मुहूर्ताची वाट पाहू नका. आज जेवणे झाली की फोन बाजूला ठेवा, मुलांना जवळ बोलवा, मार्कच्या पहिल्या अध्यायातला पहिला परिच्छेद वाचा आणि प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणा. पाच मिनिटे लागतील. उद्या पुन्हा करा.